आवाज जरा कमी करा

“मॅडम, तो आवाज जरा कमी करता का? हॉलमधून तक्रार आलीय. सरांचं बोलणं नीट ऐकू येत नाही म्हणे.”

नचिकेत दारातून अर्धाच आत येऊन म्हणाला. तो कंपनीचा माणूस. बोलायला इतका गोड की त्याला नाही म्हणणं जिवावर यायचं, आणि हातात कायम काहीतरी द्यायला असायचं. कधी पेन, कधी पिशवी, त्या दिवशी तर आम्हा सगळ्यांच्या डोक्यावरच्या हिरव्या टोप्यासुद्धा त्यानंच दिलेल्या होत्या, कपाळावर कंपनीचं नाव असलेल्या.

तो आवाज म्हणजे माझ्या मॉनिटरची टिंगटिंग. पेशंटच्या बोटाला एक टोपण लावलेलं असतं, त्यावरून ठोका कळतो. दर ठोक्याला एक टिंग. अंगात प्राणवायू पुरेसा असला की टिंग वरच्या सुरात, कमी पडायला लागला की सूर उतरतो. नाडी पळायला लागली की टिंगही पळते. भूल देणाऱ्या डॉक्टरचे हात आणि डोळे कुठेही गुंतलेले असोत, एक कान त्या टिंगवर असतोच. मला भूलशास्त्र शिकवलं त्या बिरनाळे बाई म्हणायच्या, “दमलीस तर डोळे मीट हवं तर. कान मिटायचे नाहीत.”

मी आवाज कमी केला. बंद केला नाही. माझ्यापुरतं ऐकू येईल इतका ठेवला.

ही गोष्ट सांगलीतली, मी नुकतीच नोकरीला लागले होते तेव्हाची. आमचं ट्रस्टचं हॉस्पिटल. थिएटर तिसऱ्या मजल्यावर, सभागृह तळमजल्यावर. त्या दिवशी सभागृह जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी भरलं होतं. मुंबईचे डॉ. वर्टी दुर्बिणीतून गर्भपिशवी काढायचं ऑपरेशन करून दाखवणार होते आणि ते खाली मोठ्या पडद्यावर थेट दिसणार होतं. शिकायचा कार्यक्रम आमच्या डॉक्टर संघटनेचा, पण कॅमेरे, पडदा, जेवण, वर्टींचं विमान, सगळं कंपनीचं. कंपनीनं एक नवा चिमटा काढला होता. तो रक्तवाहिनी पकडून चिकटवून टाकतो, टाके घालायची गरजच नाही, असं त्यांचं म्हणणं. त्याला लांबलचक इंग्रजी नाव होतं. आम्ही चिमटाच म्हणायचो.

मला सकाळपासून धडकी भरली होती. एवढ्या डॉक्टरांसमोर भूल द्यायची म्हणजे श्वासाची नळी घालताना हात थरथरला तरी गावभर होणार. वर्टींना काय, सवय होती. त्यांच्या भाषणाच्या पहिल्या पानावर बारीक अक्षरात ते कंपनीचे सल्लागार आहेत असं लिहिलेलं होतं. ते पान पडद्यावर आलं आणि पापणी लवायच्या आत गेलं. नियम पाळला गेला.

टेबलावर होत्या आक्काताई मगदूम. मिरजेकडच्या एका शाळेत पोरांची खिचडी शिजवायच्या. पोटात गाठी, अंगावरून जाऊन जाऊन अंगातलं रक्त उतरलेलं. मुंबईचे डॉक्टर येणार, खर्च काही नाही, म्हणून त्या तयार झाल्या. सकाळी मी तपासायला गेले तर पलंगावर मांडी घालून बसलेल्या.

“टीव्हीवर दिसनार व्हय मी?”

“तुम्ही नाही हो. तुमचं पोट. तेही आतून.”

“आतनं?” त्यांनी तोंडाला पदर लावला. “काय तरी बाई! आनि बगनार कोन कोन?”

“डॉक्टरच आहेत सगळे.”

“मग असू दे. त्यास्नी काय नवाल.” मग हसू ओसरलं आणि त्यांनी माझं मनगट धरलं. खिचडी ढवळून ढवळून पंजा नुसता लोखंडी झालेला. “पर तू कुटं असनार, पोरी?”

“तुमच्या डोक्याशी. सगळा वेळ.”

“हलायचं न्हाई.”

“नाही हलणार.”

“आईची आन?”

“आईची आण,” मी म्हटलं. पेशंटशी असं कुणी बोलत नाही. पण त्यांच्या डोळ्यांत इतकी भीती होती की माझी भीती मला थोडा वेळ विसरावी लागली.

या कार्यक्रमाची बैठक झाली तेव्हा संघटनेत एकच खोड निघाली होती, तीही बिरनाळे बाईंची. बाई तेव्हा निवृत्त झालेल्या. बैठकीला यायच्या, शेवटच्या रांगेत डोळे मिटून बसायच्या. तरुण डॉक्टर आपसांत म्हणायचे, बाई जेवायला येतात. त्या दिवशी सगळं ठरलं, आमचे मुख्य डॉ. आवटी ‘आणखी काही?’ म्हणाले आणि मागून बाईंचा आवाज आला.

“बटण कुणाच्या हातात?”

“कसलं बटण, बाई?”

“चित्र बंद करायचं.”

“ते कंपनीवाले बघतील की. यंत्रं त्यांचीच आहेत.”

“ऑपरेशन चाललंय आपल्या पेशंटचं, बघतायत आपले डॉक्टर, आणि बटण ज्याचा माल त्याच्या हातात. काही बिघडलं तर तो काय दाखवेल?”

“बाई, बिघडतंय कशाला?” आवटी हसले. “आणि जेवणाचं बटण केटररकडे आहे, त्याची काळजी करू नका.”

सगळे खो खो हसले. मीही हसले. बाईंनी पुन्हा डोळे मिटले.

तर आवाज कमी केला आणि ऑपरेशन सुरू झालं. थिएटरमध्ये दोन पडदे होते. एक वर्टींच्या समोर, आत दुर्बिणीला दिसतं ते दाखवणारा. दुसरा भिंतीवर, लहान, खाली हॉलमध्ये काय दिसतंय ते दाखवणारा. त्याच्याखाली एक भोंगा, त्यातून हॉलमधले प्रश्न ऐकू येत. शेजारच्या काचेच्या खोलीत नचिकेत बटणांच्या पेटीशी बसलेला. वर्टींच्या गळ्याशी एक माइक होता आणि दुसरा माझ्या सलाईनच्या स्टँडला बांधलेला, भूल देणाऱ्यांनाही प्रश्न विचारता यावेत म्हणून. मला कुणी एकही प्रश्न विचारला नाही. भूल देणाऱ्याला कुणी काही विचारत नसतं.

वर्टींचा हात सुंदर चालायचा, ते नाकारता येणार नाही. उजव्या बाजूची मोठी रक्तवाहिनी चिमट्यात धरली, बटण दाबलं, बारीक धूर निघाला, कात्री चालली. खालून कुणीतरी “वा!” म्हणालं.

“धागा नाही, टाका नाही,” वर्टी म्हणाले. “आता डावीकडे बघा.”

डावीकडे त्यांनी चिमटा लावला, दाबला, कापलं. आणि पडदा लाल झाला.

तो थोडा थोडा होत गेला नाही. एकदम झाला. चिकटलेली नस सुटून मागे सरकली, आत कुठेतरी ओटीपोटाच्या भिंतीत लपली, आणि दुर्बिणीला रक्ताशिवाय काही दिसेना.

“सक्शन,” वर्टी म्हणाले. आवाज तोच, शांत. “काही नाही. होतं असं.”

मी स्वतःला समजावलं, होत असेल. सलाईन मोकळं सोडलं. थिएटरच्या अंजना सिस्टरांना म्हटलं, राखीव रक्त लावा आणि ब्लड बँकेतून आणखी मागवा. टिंगटिंग भरभर व्हायला लागली होती.

तेवढ्यात माझी नजर भिंतीवरच्या लहान पडद्यावर गेली. तिथं रक्त नव्हतं. स्वच्छ गुलाबी पोट, चिमटा आरामात चालतोय, नस चिकटतेय. थांबलं! मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

मग मी वर्टींच्या पडद्याकडे पाहिलं. तो लालच होता.

क्षणभर मला काही कळेना. मी याच्याकडे बघत होते, त्याच्याकडे बघत होते. मग डोक्यात प्रकाश पडला. नचिकेतनं थेट चित्र काढून जुनी फिल्म लावली होती. तेच ऑपरेशन, तेच वर्टी, दुसरीच कुणी बाई, कधीतरी मुंबईत सुखरूप पार पडलेली. भोंग्यातून खाली सूत्रसंचालन करणाऱ्या डॉक्टरांचा आवाज येत होता, “बघा, किती साफ! रक्ताचा थेंब नाही.”

आणि इथं रक्त ओढून घेणाऱ्या सक्शनची बाटली भरत चालली होती.

आवटी आत आले होते. त्यांचा चेहरा पांढराफटक. मी मास्कमधूनच म्हटलं, “सर, खाली डॉ. मुजावर बसलेत. रक्तवाहिन्यांची ऑपरेशनं तेच करतात. बोलवा त्यांना.”

“थांबा हो जरा. वर्टी बघतायत ना.”

“सर, बीपी पडतंय.”

“आधी इथलं इथं निस्तरू दे.” मग ते अंजना सिस्टरांकडे वळले. “तुम्ही ब्लड बँकेत जा. सरळ तिथं आणि सरळ परत. हॉलमध्ये एक शब्द जाता कामा नये.”

सिस्टर माझ्याकडे बघत गेल्या. जाताना दार लागलं त्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

“डॉ. वर्टी,” मी म्हणाले, “पोट उघडता का? दुर्बिणीतून काही दिसत नाहीये.”

“दोन मिनिटं.”

“सर, नाडी फार पळतेय.”

“मॅडम, तुम्ही तुमचं डोकं सांभाळा, मी माझं पोट सांभाळतो.” पहिल्यांदाच त्यांचा सूर चढला. कपाळावर, बरोबर कंपनीच्या नावाखाली, घामाचे थेंब जमले होते. तेव्हा मला कळलं की हा माणूसही घाबरलाय. पोट उघडलं की दुपारी खाली जाऊन सांगावं लागणार होतं की चिमटा फसला. त्यांना ते सांगायचं नव्हतं, म्हणून ते त्या लाल डबक्यात चिमटा घालून चाचपडत होते. मला वर्टींची नाही, त्या चाचपडण्याची भीती वाटली. मुंबईचा एवढा मोठा माणूस असा चाचपडतो तर मी कुणाकडे बघायचं?

नचिकेत काचेच्या खोलीतून धावत आत आला. हातात नवा चिमटा, पाकिटासकट.

“सर, हा वापरा. तो पीस खराब असेल. ह्याची पकड वेगळी आहे.”

आणि वर्टींनी तो घेतला.

माझी गाळण उडाली. पळत खाली जावं, मुजावरांना हाताला धरून आणावं, असं हजारदा मनात आलं. पण माझा एक हात रक्ताची पिशवी दाबत होता, दुसरा औषधाच्या सिरिंजवर, आणि आक्काताईंचं डोकं माझ्या पोटाशी. मी हलले असते तर त्यांना बघायला तिथं कुणीच नव्हतं. आईची आण घेतली होती ती वेगळीच.

त्यांच्या पापण्यांवर मी चिकटपट्टी लावली होती. गालावरचा रंग उतरत उतरत मेणासारखा झाला होता. मी वाकून त्यांच्या कानाशी म्हटलं, “आक्काताई, मी आहे. हलले नाही.” त्यांना ऐकू जाणार नव्हतं. मला स्वतःलाच कुणाचा तरी आवाज हवा होता.

आणि मान वर करताना मला सलाईनच्या स्टँडवरचा माइक दिसला. त्याच्या बुडाशी हिरवा दिवा लागलेला होता.

नचिकेतनं चित्र बदललं होतं. वर्टींच्या गळ्यातला माइकही बंद केला होता. माझा तो विसरला होता. तो माइक अगदी जवळचंच टिपायचा, म्हणून मघाचं आमचं बोलणं खाली गेलं नव्हतं. मला कुणी काही विचारत नव्हतं ना, म्हणून माझा माइक आहे हेच कुणाच्या लक्षात नव्हतं.

मी माइकशी तोंड नेलं. आवाज फुटेना. आणि फुटला असता तरी काय? समोर आवटी उभे, हातभरावर नचिकेत. पहिला शब्द उमटताच त्यानं वायर उपटली असती. मग तोही मार्ग संपला असता. आवटींच्या सहीवर माझी नोकरी होती, तेही डोक्यात आलं, खोटं कशाला बोलू. भीती अशी एका वेळी चार दिशांनी येत होती.

मग माझा हात आपोआपच मॉनिटरकडे गेला. मी आवाजाची कळ फिरवली. पूर्ण. आणि कोपरानं सलाईनचा स्टँड ढकलत ढकलत माइक मॉनिटरला टेकवला.

टिंगटिंगटिंगटिंग. थिएटर भरून गेलं.

कुणी मान वळवली नाही. त्या आवाजाची थिएटरमध्ये सगळ्यांना इतकी सवय असते की तो ऐकूच येत नाही. आवटी वर्टींच्या हाताकडे बघत होते, नचिकेत नव्या चिमट्याकडे. लहान पडद्यावर ती मुंबईची बाई सुखानं ऑपरेशन करून घेत होती.

आणि भोंग्यातून सूत्रसंचालक म्हणाले, “थिएटर, तो आवाज पुन्हा वाढलाय. जरा कमी करा हो.”

मी गोठले. नचिकेतनं मान वर केली. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माइककडे, मग हिरव्या दिव्याकडे. त्याच्या चेहऱ्यावरचा गोडवा गेला. तो माझ्या दिशेनं निघाला.

“कमी करू नका.”

भोंग्यातूनच आलं. सूत्रसंचालक नव्हेत. लांबून आलेला, एका म्हाताऱ्या बाईचा आवाज.

“बाई, प्रश्न आहे का तुमचा?” सूत्रसंचालक म्हणाले. “थांबा, माइक देतो.”

खुर्च्या सरकल्या. मग तोच आवाज जवळून आला. “प्रश्न एकच आहे. पडद्यावर बघा, नस कशी उडतेय. सावकाश. आणि आवाज ऐका. चित्रातली नाडी आणि आवाजातली नाडी एक आहे का?”

हॉल गप्प झाला. नुसती माझी टिंगटिंग खाली गेलेली आणि भोंग्यातून परत आमच्याकडे आलेली, दुहेरी. आणि त्याच वेळी तिचा सूर उतरला. मधला एक ठोका गळाला. मग आणखी एक.

“ह्या दोन बायका आहेत,” बिरनाळे बाई म्हणाल्या. “चित्रातली बरी आहे. आवाजातली मरतेय. मुजावर, उठा.”

नचिकेतनं झेप घालून भोंग्याची वायर ओढली. काही उपयोग नव्हता. जे खाली जायचं ते गेलं होतं.

त्यानंतरचा वेळ मला मोजता येत नाही. मी दुसरी पिशवी दाबत होते, औषध देत होते, आणि टिंग, मग काहीच नाही, मग टिंग. मी देवाचं नाव घेतलं का? नाही घेतलं. मी फक्त म्हणत होते, वाज. वाज ग बाई. वाज.

दार धाडकन उघडलं. मुजावर पाणी लागलेले हात वर धरून, कोपरांनी वाट काढत आत घुसले. त्यांच्यामागे बाई, बाहेरच्या साडीवर कसाबसा गाऊन, टोपी कानावर आलेली, तीन मजले जिन्यानं चढून धापा टाकत.

“वर्टी, बाजूला व्हा,” मुजावर म्हणाले.

“मी करतोय...”

“बाजूला व्हा.”

बाई सरळ माझ्याजवळ आल्या, माझ्या हातातली रक्ताची पिशवी घेतली आणि स्वतः दाबायला लागल्या. “तू औषधं बघ,” एवढंच म्हणाल्या. त्यांच्या दंडाचा स्पर्श माझ्या दंडाला झाला आणि मला रडू कोसळेल असं वाटलं. रडायला वेळ नव्हता.

मुजावरांनी पोट उघडलं. हात आत घातला, कोपरापर्यंत गेल्यासारखा, आणि डोळे मिटून चाचपलं. मग थांबले. “धरलीय,” ते म्हणाले. “आता कुणी घाई करू नका. धागा द्या.”

धागा. तोच जुना, काळा धागा.

टिंग. टिंग. सूर वर यायला लागला होता. अंजना सिस्टर रक्त घेऊन आल्या तेव्हा नाडी अजून पळत होती, पण ठोके गळत नव्हते. बाईंनी मान किंचित कलती करून ऐकलं, डोळे मिटून.

“आता कर कमी,” त्या म्हणाल्या.

मी कळ फिरवली. तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला.

आक्काताईंना आयसीयूत हलवल्यावर आवटींनी मला बोलावलं. मला वाटलं, आता हाती नारळ. ते खिडकीकडे तोंड करून उभे होते.

“आवाज तुम्ही मोठा केलात?”

“हो, सर.”

“का?”

“मला नीट ऐकू येत नव्हतं.”

ते खिडकीपासून वळले. मग म्हणाले, “मी होकार दिला होता. चित्र बदलायला. त्यानं काचेतून माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली.” मला नारळ मिळाला नाही.

पुढच्या बैठकीत ह्यावर खूप घमासान झालं. कुणी म्हणालं, कंपनीला दोष देऊ नका, अशी गुंतागुंत कुणाच्याही हातून होते. ते खरंच होतं. बाई म्हणाल्या, “रक्त कुणाच्याही हातून सुटतं. मी रक्ताबद्दल विचारलंच नव्हतं. मी बटणाबद्दल विचारलं होतं.” ह्यावर कुणी हसलं नाही. तेव्हापासून आमच्याकडे खर्च कुणीही करो, बटणापाशी संघटनेचा माणूस बसतो, कुणी दाखवायचं आणि काय शिकवायचं ते संघटना ठरवते, आणि कंपनीचं टेबल सभागृहाच्या बाहेर. ते कळल्यावर दोन-तीन कंपन्यांनी पाठ फिरवली. त्या वर्षी कार्यक्रमाला आम्ही घरून थर्मास आणि चिवडा नेला. वर्टी नंतर सांगलीला आले नाहीत. आता त्या समितीवर मीच असते आणि तरुण डॉक्टर मला खाष्ट म्हणतात, हे मला माहीत आहे.

पण मला आठवतात त्या बैठका नव्हेत. आठवतो तो आयसीयूतला सकाळचा वेळ. आक्काताईंची नळी काढली होती. घसा बसलेला, ओठ सुकलेले. मी ओल्या कापसानं ओठ टिपत होते. त्यांनी डोळे उघडले, मला ओळखलं, आणि पहिला प्रश्न विचारला तो हाच.

“हितंच हुतीस?”

“इथंच होते. हलले नाही.”

त्यांनी समाधानानं डोळे मिटले. मला वाटलं, झोपल्या. पण ओठ पुन्हा हलले.

“मग? दिसले न्हवं मी समद्यास्नी टीव्हीवर?”

खाली बसलेल्या त्या सगळ्या डॉक्टरांनी पाहिलं होतं ते दुसऱ्याच कुणा बाईचं पोट. ह्यांचं कुणालाच दिसलं नव्हतं. दिसू दिलं नव्हतं.

“दिसला नाहीत, आक्काताई,” मी म्हणाले. “पण ऐकू आलात.”

“मी?” त्यांनी एक डोळा उघडला. “मी तर झोपल्याली.”

“झोपेतच.”

त्यांनी त्यावर थोडा विचार केला. मग चेहऱ्यावर लाज पसरली आणि तो लोखंडी पंजा चाचपत चाचपत माझ्या हातावर आला.

“घोरत हुते व्हय ग? आमच्यात समदी म्हनत्यात, लई घोरते मी.”

मी हसले. मोठ्यानं हसले, आयसीयूत हसू नये इतक्या मोठ्यानं. आणि हसता हसता हातातला कापूस खाली पडला, कारण आदल्या दिवसभर जे हात एकदाही थरथरले नव्हते ते आता चळाचळा कापायला लागले होते, आणि काही केल्या थांबेनात. आक्काताईंनी ते हात आपल्या पंजात घट्ट धरून ठेवले. वर त्यांच्या मॉनिटरची टिंगटिंग चालू होती, सावकाश, वरच्या सुरात, आणि ती कमी करा असं मला कुणी म्हणालं नाही.